आजीचं थोपटणं आणि मॉनिटरवरची रेघ

बाळ आमच्याकडे पोचलं तेव्हा ९ तासांचं झालं होतं. जुलै महिना, रात्रभर पाऊस, आणि देवगडकडून येणाऱ्या रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. १०८ ची गाडी तिथे पाऊण तास अडकली. (ओळख पटू नये म्हणून घरची काही माहिती बदलली आहे.)

पहिलटकरणीचं मूल, दिवस पूर्ण भरलेले, वजन २.८ किलो. कळा लांबल्या, पाण्यात बाळाची शी मिसळली आणि बाहेर आल्यावर पोर रडलंच नाही. तिथल्या सिस्टरनी ४ मिनिटं बॅग-मास्कनं श्वास दिला म्हणून ते जगलं. अपगार, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाच्या स्थितीला दिलेले दहापैकी गुण, पहिल्या मिनिटाला ३, पाचव्याला ५. आईला रक्तस्राव जास्त झाला होता, तिला तिथेच ठेवून घेतलं. बाळासोबत आली ती आजी, बापाची आई. बाप मागून मोटरसायकलवर भिजत आला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून तो किनाऱ्यावर तरी होता.

तपासलं तेव्हा बाळ सुस्त, अंग सैल, चोखणं दुबळं, बाहुल्या बारीक. गुडघ्याचा झटका मात्र नको इतका तेज. जन्माच्या वेळी मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडल्यावर जे होतं ते, आम्ही त्याला एचआयई म्हणतो, आणि हा मध्यम दर्जाचा. अशा बाळाचं अंग ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार ६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. ती वेळ टळली होती. बापानं मोबाइलवर वाचून त्याबद्दल विचारलंही. त्याला मी हेलिक्सबद्दल सांगितलं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात थंड केलेल्या बाळांमध्ये मृत्यू उलट जास्त निघाले. परदेशातल्या चांगल्या सोयीच्या रुग्णालयांत जे उपयोगी पडतं ते आपल्या बाळांना तसंच लागू पडेल असं नाही. त्यामुळे ती वेळ हुकल्याची मला फारशी हळहळ वाटली नाही. काळजी होती ती पुढच्या दोन दिवसांची, कारण एचआयईची आकडी बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत सुरू होते.

दुपारी दीडच्या सुमारास आजीनं हाक मारली. "डॉक्टरबाय, ह्यो तोंडान कायतरी चघळता. भूक लागली असतली. दूध कधी देतलास?"

सिस्टरलाही भूकच वाटली होती. मी वाकून बघितलं. ओठ चुपचुप हलत होते, जीभ आत-बाहेर होत होती, आणि दोन्ही डोळे डावीकडे लागलेले. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ९५ वरून ८४ वर आला. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं थांबलं आणि बाळ पिळून टाकलेल्या फडक्यासारखं पडून राहिलं.

आकडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दात आवळलेला, तोंडाला फेस आलेला मोठा माणूस येतो. नवजात बाळाचं तसं नसतं. मेंदूतल्या जोडण्या अपुऱ्या असतात, त्यामुळे झटका सगळीकडे एकदम पसरू शकत नाही. तो एका जागी उठतो आणि कधी ओठांत, कधी एका हातात, कधी सायकल मारणाऱ्या पायांत दिसतो, कधी नुसता श्वास थांबतो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संस्थेनं २०२१ मध्ये नवजातांच्या झटक्यांचं वेगळं वर्गीकरण केलं. त्यात हे सगळे झटके एका जागेपासून सुरू होणारे धरले आहेत, आणि निदानाचा भार डोळ्यांवरून ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, टाकला आहे. साधी थरथर ओळखायची खूण आम्ही इंटर्नना पहिल्याच दिवशी शिकवतो, ती म्हणजे हात अलगद धरला की थरथर थांबते, आकडी थांबत नाही. पण चघळणाऱ्या ओठांना धरून बघणार कसं?

आधी साखर. टाचेला टोचून बघितली तर ३८. १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला २ मिलि, म्हणजे ५.६ मिलि हळूहळू शिरेतून दिलं, मागून ग्लुकोजचं सलाइन चालू केलं. वीस मिनिटांनी साखर ७४. कॅल्शियम ठीक, सोडियम १३१, म्हणजे थोडं उतरलेलं. पाण्याचं प्रमाण आटोक्यात ठेवलं. मेंदूज्वर नाही हे कळेपर्यंत कल्चर पाठवून अँटिबायोटिक सुरू केली. इथे थोडं थांबून सांगते, कारण ही पायरी गाळलेली मी पाहिली आहे. साखर कमी असलेल्या बाळाला आकडीचं औषध दिलं तर अंग शांत होतं, मेंदू मात्र उपाशीच राहतो. त्याची किंमत डोक्याचा मागचा भाग, जिथून आपण बघतो, तो मोजतो.

साखर ७४ असताना ओठ पुन्हा चघळायला लागले. तेव्हा आकडीचं औषध, फेनोबार्बिटोन.

१९९९ मध्ये अमेरिकेत ५९ बाळांवर फेनोबार्बिटोन आणि फेनिटोइन यांची तुलना झाली होती. दोन्हींनी निम्म्याहून कमी बाळांचे झटके थांबले, पहिल्यानं ४३ टक्के, दुसऱ्यानं ४५. म्हणजे पहिलं औषध म्हणून ते फार भरवशाचं आहे असं नाही. तरी आज त्याच्याइतकं दुसरं नाही. लेव्हेटिरासिटॅम वापरायला सोपं, श्वास दाबत नाही, म्हणून मधली काही वर्षं सगळ्यांचा ओढा तिकडे होता. माझाही होता. मग २०२० मध्ये या दोन औषधांची तुलना करणाऱ्या निओलेव्ह-२ या अभ्यासाचा निकाल आला. सलग ईईजीवर नजर ठेवून मोजलं तेव्हा फेनोबार्बिटोननं ८० टक्के बाळं २४ तास झटक्यांपासून मुक्त राहिली, लेव्हेटिरासिटॅमनं २८ टक्के. तेव्हापासून आमच्या कपाटात वरच्या खणात परत फेनोबार्बिटोन आहे.

आमच्याकडे येते ती ऍम्प्यूल १ मिलिची, तिच्यात २०० मिग्रॅ. बाळाला हवे किलोला २०, म्हणजे ५६ मिग्रॅ, थेट ओढलं तर ०.२८ मिलि. रात्रपाळीला, पिवळ्या दिव्याखाली, ०.२८ आणि २.८ मध्ये चूक व्हायला एक टिंब पुरतं. म्हणून आम्ही अख्खी ऍम्प्यूल पातळ करून १० मिलि करतो. मग एका मिलित २० मिग्रॅ होतात, आणि बाळाच्या वजनाचा आकडा तोच औषधाचा आकडा. २.८ किलो, २.८ मिलि. वीस मिनिटांत हळूहळू. हे सगळं सिस्टरनं मोठ्यानं म्हणायचं आणि दुसरीनं मोठ्यानं मोजायचं, असा आमचा नेम आहे.

अडीच वाजता औषध संपलं. ओठ थांबले, डोळे सरळ झाले. आजीनं हात जोडले. चार वर्षांपूर्वी मी केसपेपरवर "झटके आटोक्यात" असं लिहून जेवायला गेले असते.

आता आमच्याकडे मेंदूची रेघ काढणारा दोन चॅनलचा मॉनिटर आहे, एईईजी. पूर्ण ईईजीसारखे वीसेक इलेक्ट्रोड नाहीत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि एक आधाराचा, एवढेच. हा मॉनिटर रेघ दाबून दाखवतो, तासाभराची रेघ ६ सेंटीमीटरात. रोजचं ईईजी वाचायला लागणारा तज्ज्ञ इथे कोकणात तालुक्याच्या गावी रात्री कुठून येणार. ही दाबलेली रेघ मात्र माझ्यासारखी साधी बालरोगतज्ज्ञही शिकू शकते.

लावायला मात्र पाऊण तास गेला. इलेक्ट्रोड चिकटतच नव्हते. डोकं हुंगलं तर खोबरेल. गाडी अडकली असताना बाळाच्या टाळूवर तेल थापून आजीनं आपलं कर्तव्य पार पाडलं होतं. कोमट पाण्याच्या बोळ्यानं चार वेळा पुसलं, खरखरीत जेलनं हलकंसं घासलं, तेव्हा कुठे इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १० किलोओमच्या खाली आला. वॉर्मरच्या वायरी दूर सारल्या, कारण पन्नास हर्ट्झचा विजेचा गुणगुणाट रेघेत मिसळतो.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाची पट्टी बघून जरा बरं वाटलं. खालची कड ४ मायक्रोव्होल्ट, वरची २० च्या आसपास. तुटक पण मेलेली नाही. मग ४ वाजायला आले असताना खालची कड अचानक वर उचलली आणि दीड मिनिटानं खाली बसली. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा. करवतीचे दाते. न दाबलेली मूळ रेघ उघडली तर लयबद्ध लाटा, सुरुवातीला बारीक आणि जलद, मग उंच आणि संथ, मग एकदम बंद. बाळ गाढ झोपल्यासारखं पडून होतं. ओठसुद्धा हलत नव्हते.

हे असं का होतं ते मी शिकाऊ मुलांना खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावरून समजावते. बांधाला जे दार असतं ते उघडलं की पाणी आत येईल की बाहेर जाईल हे दारावर नाही, दोन्ही बाजूंच्या पातळीवर ठरतं. फेनोबार्बिटोन मेंदूच्या पेशीचं क्लोराइडचं दार उघडं ठेवतं. मोठ्या माणसाच्या पेशीत क्लोराइड कमी असतं, दार उघडलं की ते आत येतं आणि पेशी शांत होते. नवजाताच्या पेशीत आधीच क्लोराइड जास्त असतं. दार उघडलं की बाहेर पडतं, आणि पेशी शांत होण्याऐवजी चाळवतेही. क्लोराइड बाहेर उपसणारा पंप वयाबरोबर तयार होतो, आणि तोही आधी खालच्या भागांत, मग वरच्या. त्यामुळे औषधानं हातापायांपर्यंत जाणारी हालचाल दबते, वर मेंदूच्या सालीत वादळ चालूच राहतं. २००८ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटानं ९ बाळांचे ५२६ झटके व्हिडिओ-ईईजीवर मोजले. त्यातले ३४ टक्के बाहेरून काहीतरी दिसणारे होते, आणि जवळ उभ्या कर्मचाऱ्यांनी ओळखले ते फक्त ९ टक्के. आम्ही जन्मभर त्या ९ टक्क्यांवर औषध देत आलो.

५ वाजता किलोला आणखी १० मिग्रॅ दिले. सव्वासहाला एक दाता, मग शेवटचे १०. एकूण ४०, याच्या पलीकडे मी जात नाही. शेवटचा झटका ७ वाजून ५ मिनिटांनी, जन्मापासून १७ व्या तासाला. श्वास उथळ झाला म्हणून नाकातून दाबानं हवा देणारा सी-पॅप लावावा लागला. शेवटच्या झटक्यानंतर किमान २४ तास मॉनिटर काढायचा नाही, असं ठरवून मी घरी गेले.

पहाटे ४ ला फोन. सिस्टर म्हणाली, "मॅडम, परत चालू झालेत. आता तर लागोपाठ आहेत." तिनं पडद्याचा फोटो पाठवला. खालची कड उचललेली, उतरलेली, परत उचललेली. बाहेर वीज कडाडत होती, मी अर्धवट झोपेत. लेव्हेटिरासिटॅम, किलोला ४०, ११२ मिग्रॅ, भरून ठेव, असं मी सांगितलं. नवं औषध सुरू करायला मला तेवढंच कारण पुरलं.

कोल्हापूरच्या माझ्या सरांना फोटो पुढे पाठवला तो केवळ सवयीनं. ते जागेच असतात. त्यांनी लिहिलं, "मूळ रेघ पाठव. आणि बाळाला कुणी हात लावलाय का बघ."

मूळ रेघ आली. लाटा होत्या, लयही होती, सेकंदाला साधारण दोन. पण सगळ्या एकाच उंचीच्या, एकाच आकाराच्या, दोन्ही बाजूंना एकाच क्षणी. खरा झटका वाढतो, आकार बदलतो, थकतो. ही रेघ घड्याळासारखी चालत होती आणि मध्येच तुटत होती, जसा माणूस हात बदलतो.

मी सिस्टरला विचारलं, आजी कुठे आहे?

आजी वॉर्मरच्या बाजूला उभी होती. बाळ जरा कुरकुरलं होतं, आणि तिनं पाठीवर तळवा ठेवून जे चाळीस वर्षं सगळ्या पोरांना केलं तेच केलं होतं. "माका वाटला रडतलो, म्हणान जरा थापटलंय," ती मला सकाळी म्हणाली, काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं. मी तिला थोपटायला लावलं आणि दोघी पडद्याकडे बघत राहिलो. हात चालू, लाट चालू. हात थांबला, लाट थांबली. तिला फार हसू आलं. भरून ठेवलेली सिरिंज सिस्टरनं कचऱ्यात टाकली.

एईईजीच्या दोषांची यादी पुस्तकात असते. अर्ध्या मिनिटाहून लहान झटका दाबलेल्या रेघेत हरवतो, इलेक्ट्रोडपासून दूर उठलेला दिसत नाही, हालचालीचा खोटा झटका दिसतो. हे सगळं मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या रात्रीनंतर वॉर्मरला दोऱ्यानं एक वही बांधली आहे. बाळाला जो हात लावेल त्यानं वेळ आणि काम लिहायचं. सिस्टर लिहितात, आया लिहितात, लिहिता न येणाऱ्या आज्या कुणाला तरी सांगतात. वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द "थापटलं".

पुढचे दोन दिवस लवकर सांगते. रेघ ४८ व्या तासाला सलग झाली, झोप-जागेपणाचे चढउतार ६० व्या तासाला दिसू लागले. थंड न केलेल्या बाळाची रेघ २४ तासांत सावरली तर ते चांगलं लक्षण. आमचं बाळ उशिरा सावरलं, म्हणून मी घरच्यांना फार गोड बोलले नाही. कल्चर स्वच्छ, अँटिबायोटिक बंद. तिसऱ्या दिवशी आई आली, आणि चौथ्या दिवशी बाळ वाटी-चमच्यानं आईचं दूध घेऊ लागलं.

पण सुस्ती जाईना. आजारानं की औषधानं? नवजाताच्या पहिल्या आठवड्यात फेनोबार्बिटोन शरीरात निम्मं व्हायलाच चार-चार दिवस घेतं. ते रक्तात असेपर्यंत मेंदूची तपासणी म्हणजे धुक्यातून किनारा बघणं. मी २४ तासांनंतर रोजचा डोस सवयीनं चालू केला होता, तो चौथ्या दिवशी बंद केला. आठवडा संपता संपता बाळ डोळे उघडून आईच्या तोंडाकडे बघायला लागलं.

घरी पाठवायच्या दिवशी खरा पेच. बापानं कागद वाचला, उलटा करून पाहिला. "आकडीचा औषध खय आसा?"

नाही, मी म्हटलं.

"नाय म्हणजे? परत इली तर आमी काय करूचा?"

त्याचं भय मला परकं नव्हतं. कितीतरी वर्षं मीच अशा बाळांना तीन महिन्यांचं सिरप लिहून देत होते. का, तर मला शिकवणाऱ्यांनी लिहून दिलं होतं. त्यातलं एक मूल १४ महिन्यांचं होऊन दुसऱ्याच कारणासाठी आलं, तेव्हा आईनं पिशवीतून तीच बाटली काढली. थांबवा असं तिला कुणी, म्हणजे मी, सांगितलंच नव्हतं. मूल चालत नव्हतं, पेंगत होतं. उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत हे औषध वाढत्या मेंदूतल्या पेशी मारतं असं दिसलं आहे. माणसाच्या बाळाला ते जसंच्या तसं लावता येत नाही, पण गरज नसताना रोज पाजायलाही मन होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ९ केंद्रांतल्या ३०३ मुलांचा अभ्यास आला. जन्मानंतरच्या तात्पुरत्या कारणानं झटके आलेल्या या मुलांपैकी सुमारे १३ टक्क्यांना पुढे अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा आकडी येण्याचा आजार, झाला, आणि औषध चालू ठेवल्याने किंवा घरी जाण्याआधी थांबवल्याने त्यात किंवा वाढीत फरक पडला नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. झटके तात्पुरत्या कारणाचे असतील आणि अपस्माराची चिन्हं नसतील तर घरी जाण्यापूर्वीच औषध थांबवा, एमआरआयमध्ये काहीही दिसो.

हे मी त्याला असं सांगितलं नाही. म्हटलं, वादळ आलं होतं, ते गेलं. आता होडी कायमची बांधून ठेवून काय होणार? तो गप्प बसला. मग म्हणाला, गावात रवळनाथाला गाऱ्हाणं घालून येतो. मी म्हटलं, जरूर घाल, आणि हा माझा नंबर.

नवव्या दिवशी करूळ घाट बंद होता म्हणून ते फोंडा घाटानं कोल्हापूरला जाऊन एमआरआय करून आले. मधल्या पट्ट्यातल्या पांढऱ्या भागात हलके बदल, खोलातली केंद्रं स्वच्छ. अपेक्षेपेक्षा बरं.

पंधराव्या दिवशी रात्री ११ ला बापाचा व्हिडिओ आला. खाली एकच ओळ, "इली". व्हिडिओत बाळ पाळण्यात झोपलेलं, दोन्ही हात फट्‌फट्‌ उडताहेत, आणि आजी ते घट्ट धरून बसलेली. धरलं की उलट जास्त उडत होते. डोळे मिटलेले, रंग गुलाबी, श्वास नीट. मी फोन केला. हात सोडा आणि त्याला जागं करा. पलीकडे गडबड झाली, पाळणा करकरला, बाळानं भोकाड पसरलं. हात उडायचे थांबले.

ही आकडी नव्हे, झोपेतले झटके. निरुपद्रवी असतात, फक्त झोपेत येतात, जागं केलं की थांबतात, काही महिन्यांत आपोआप जातात. आकडीचं औषध दिलं तर कधी कधी वाढतातही. त्यानं तीन वेळा विचारलं, नक्की ना? मी तिन्ही वेळा नक्की म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी बाळाला आणायला लावून झोपेत तासभर मॉनिटर लावला. हात उडत होते, रेघ नेहमीची. ते बापानं स्वतः पाहिलं. या वेळी डोक्याला तेल नव्हतं.

आता मूल ८ महिन्यांचं होतंय. जरा आधार दिला की बसतं, दोन्ही हातांनी खुळखुळा पकडतं, नाव घेतलं की मान वळवतं. कानांची तपासणी ठीक आली. खूप आनंद झाला की डावा अंगठा मात्र मुठीत जातो. मला तो आवडत नाही, म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या केंद्रात पंधरवड्याला एकदा फिजिओथेरपी चालू आहे. आकडी पुन्हा आलेली नाही, औषधही नाही. पुढची तारीख शिमग्यानंतरची दिली आहे, कारण पालखी घरी येऊन जाईपर्यंत ते गाव सोडणार नाहीत.